अत्याचार-प्रतिबंध कायदा : सहकाऱ्यांवरील फौजदारी कार्यवाही रद्द करणे

कार्यालय, महाविद्यालय वा रुग्णालय यांतील सहकाऱ्याने अथवा वरिष्ठाने जातीवरून अपमान केल्याच्या आरोपाखाली, अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ अन्वये नोंदलेला गुन्हा खटला चालण्यापूर्वीच उच्च न्यायालयाने रद्दबातल ठरविणे. हा अंगभूत अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ मध्ये आहे. फिर्यादीतील मजकूर अक्षरशः खरा मानूनही गुन्हा घडल्याचे दिसत नसेल, तर कार्यवाही रद्द करता येते, हे भजनलाल खटल्यातील निवाड्याने सांगितलेले एक प्रमुख गमक होय.

या विषयातील सर्वांत गाजलेले प्रकरण कराडचे. तेथील शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात दोन वरिष्ठांनी प्रतिकूल शेरे मारले. त्याने २००६ मध्ये फिर्याद गुदरली. त्या वरिष्ठांवर खटला भरण्याची मंजुरी तंत्रशिक्षण संचालकांनी २०११ मध्ये नाकारली. आणि २०१६ मध्ये मंजुरी नाकारणाऱ्या संचालकांवरच गुन्हा दाखल झाला. तो रद्द करण्यास मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला असता सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी तो रद्द केला, परंतु तेवढ्यावर न थांबता प्राथमिक चौकशीची आणि अटकेपूर्वी घ्यावयाच्या मंजुरीची बंधने सबंध देशाला लागू केली. एका दप्तरी तंट्यावरून लक्षावधी पीडितांचे संरक्षण सैल करणे अनुचितच होते. या निर्णयाच्या निषेधार्थ झालेल्या २ एप्रिलच्या भारत बंदमध्ये माणसे प्राणांस मुकली. संसदेने त्याच वर्षी अधिनियमात ही बंधने दूर करणारे कलम १८-अ घातले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले, आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी नवे कलम वैध ठरविताना अपवादात्मक प्रकरणी कार्यवाही रद्द करण्याची मुभा मात्र राखली.

सुशिक्षितांच्या व्यवसायात खरी अडचण निराळीच आहे. अपमान वा जातिवाचक शिवीगाळ ‘लोकांच्या नजरेसमोर’ घडलेली असावी, अशी या अधिनियमाच्या कलम ३ मधील संबंधित पोटकलमांची अट असून, चार भिंतींआड, त्रयस्थ कोणी हजर नसताना उच्चारलेले शब्द तीत बसत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणी म्हटले. वरिष्ठाच्या दालनाचे दार तर बहुधा बंदच असते, आणि तेथला दुजाभाव शिवीपेक्षा शेऱ्यातून, रोखलेल्या बढतीतून वा काढून घेतलेल्या कामातून प्रकटतो. म्हणून कार्यवाही रद्द झाली याचा अर्थ भेदभाव घडलाच नाही, असा काढणे चुकीचे आहे. खातेनिहाय चौकशीचा आणि अनुसूचित जाती अथवा जमाती आयोगाकडे दाद मागण्याचा मार्ग त्याने आपोआप बंद होत नाही.