कृत्तिकांचं वॅगनपुराण

वॅगन म्हटलं की आमच्या पिढीला आठवते ती मालगाडीची. तिच्यात कोळसा असतो, साखर असते; वेग मात्र कधीच नसतो. त्यामुळे न्यूझीलंडातल्या भाच्यानं ‘परफॉर्मन्स वॅगन’ घेतल्याचं कळलं, तेव्हा आमच्या हिला तो रेल्वेत लागला असंच वाटलं. पुढे खुलासा झाला. ती होती सुबारू लेगसी जीटी-बी, जपानातून आलेली जुनी मोटार. पुढून साहेबी, मागून माळ्यासारखी ऐसपैस.

आता कुळाची चौकशी केल्याशिवाय आम्ही मांजरसुद्धा घरात घेत नाही. तेव्हा वंशावळ काढली. सुबारू म्हणजे जपानीत चक्क कृत्तिका! कंपनीच्या चिन्हावर तारे सहा, आणि कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या आपल्या कृत्तिकाही सहाच. मूळ पुरुष विमानवाला : 1917 सालची नाकाजिमा कंपनी. महायुद्धात हरल्यावर जपानला विमानं बनवायची बंदी झाली, तेव्हा या मंडळींनी 1946 मध्ये ‘रॅबिट’ नावाची स्कूटर काढली. गरुडाचा ससा झाला, पण चूल पेटती राहिली. 1953 मध्ये फुजी हेवी इंडस्ट्रीज स्थापन झाली आणि 1958 मध्ये छोटी ‘सुबारू 360’ आली.

वॅगनची कथा याहून साधी आहे. ईशान्य जपानात बर्फ फार. तिथल्या वीज कंपनीच्या माणसांना डोंगरात जायला चारही चाकं ओढणारी, पण जीपसारखी कुडकुडवणारी नव्हे अशी बंदिस्त गाडी हवी होती. त्यातून 1972 मध्ये ‘लिओने’ची चार चाकं ओढणारी एस्टेट आली. म्हणजे ज्या घराण्याच्या वेगाचा आज डंका पिटतात, ते मुळात वायरमनच्या सेवेतलं!

1989 च्या जानेवारीत ‘लेगसी’नं अमेरिकेत ॲरिझोनामध्ये 1,00,000 किलोमीटर अंतर ताशी सरासरी 223 किलोमीटर वेगानं, साडेअठरा दिवसांत तोडलं. तेवढ्या दिवसांत आमच्याकडे पूर्वी आंतरदेशीय पत्राचं उत्तरही येत नसे. 1996 मध्ये जीटी-बी आली : 2 लिटरचं इंजिन, दोन टर्बो, 280 अश्वशक्ती. याच्यावर कोणी जायचं नाही, असा जपानी कारखानदारांचा आपसातला समझोता होता, तो 2004 पर्यंत टिकला. आधी एकच टर्बो राबतो, पुढे दुसराही त्याच्या जोडीला कामाला लागतो. मधल्या क्षणी मात्र गाडी जरा मरगळते. सासूकडून सुनेकडे किल्ल्या जाताना घर घुटमळतं, तसं.

मग ही न्यूझीलंडात कशी पोचली? जपानात गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. तिथे नव्या गाडीची तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ ही खर्चिक तपासणी होते, म्हणून पुष्कळजण गाडी विकून मोकळे होतात. 1980 च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडनं दार उघडलं. 1998 मध्ये मोटारींवरची जकात गेली आणि त्याच वर्षी तिथले मोटारजुळणीचे उरलेसुरले कारखानेही बंद पडले. भाच्यासारख्यांना गाडी स्वस्त झाली. तिची किंमत त्या कामगारांनी मोजली.

आता नवशिक्याचं काय होतं? तेव्हाचं जपानी एफएम 76 ते 90 मेगाहर्ट्झ, तिकडचं 88 च्या पुढे. म्हणजे मूळ रेडिओ जवळजवळ मुकाच. मग आवाज काढायला तो आधी ‘शिट्टी’ बसवतो : टर्बोतली जादा हवा बाहेर सोडणारी झडप. पण ती हवा आत येतानाच मोजलेली असते. हवा बाहेर गेली तरी पेट्रोल जुन्याच हिशेबानं येतं. वऱ्हाड अर्ध्या वाटेतून परतलं, तरी आचाऱ्यानं ठरलेली पानं वाढावीत, तसा प्रकार!

खरी गोम रबरी टायमिंग बेल्टमध्ये आहे. तो लाख किलोमीटरला बदलायचा. तुटला, तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची टक्कर होऊन इंजिनच निकालात निघतं. जुन्या गाडीच्या आकड्यावर विश्वास तो काय ठेवायचा? पुरावा नसेल, तर घेतल्याबरोबर बदलावा. सिलिंडर आडवे असल्यानं प्लग बाजूला तोंड करून बसलेले. ते काढताना बोटांची सालं निघतात. शिवाय टर्बोला वेळेवर स्वच्छ तेल हवं, आणि निर्वाताच्या नळ्यांचं जंजाळ तपासायला हवं. शिट्टीचं मग पाहता येईल.

पराक्रमाचे पोवाडे होतात. तेल कधी बदललं ते वहीतच लिहावं लागतं. विक्रमाच्या लाख किलोमीटरचा पोवाडा झाला. आपल्या लाखाला मात्र वहीच उपयोगी पडते.