कोऱ्या रेघेवरचे मत

मतपत्रिकेवर काही लिहिले की मत बाद, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत मात्र काही राज्यांत छापील नावांखाली एक कोरी रेघ असते. तिथे मतदार हाताने नाव लिहू शकतो.

२३ जानेवारी २०२४ ला न्यू हॅम्पशायरमध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष बायडेन यांचेच नाव डेमोक्रॅटिक मतपत्रिकेवर नव्हते. पहिले मतदान साउथ कॅरोलिनात व्हावे, हा पक्षाचा आग्रह या राज्याने मानला नव्हता. समर्थकांनी नाव लिहून त्यांना जिंकवले. त्याच रेघेवर सुमारे दीड हजार जणांनी कुणाचे नाव न लिहिता ‘सीझफायर’ लिहिले. गाझात शस्त्रसंधी करा, एवढीच मागणी.

महिन्याभराने मिशिगनमध्ये ‘अनकमिटेड’, म्हणजे कुणालाही बांधील नाही, हा पर्याय छापलेलाच होता. आयोजकांनी १०,००० मते मागितली, पडली एक लाखाहून जास्त. अरबबहुल डिअरबॉर्नमध्ये तर बायडेन मागे पडले.

युद्ध त्याने थांबले नाही. तरी मला ते दीड हजारच जास्त आठवतात. आपल्याकडे ‘नोटा’चे बटण आहे, पण ते का दाबले हे लिहायला जागा नाही.