धुराचं वजन, धुराचा जोर

वर्गात औद्योगिक क्रांती शिकवताना मी लंडनच्या धुराचं हमखास सांगायचो. डिसेंबर १९५२. पाच दिवस शहरावर धुरकं बसलं. तेव्हाच्या हिशेबाने सुमारे ४००० माणसं दगावली. १९५६ साली कायदा झाला. पुढे हवेतल्या कणांचं वजन मोजायची रीत जगभर रुळली.

पण मातीचा कण आणि धुराचा कण तराजूत सारखेच! म्हणून शास्त्रज्ञांनी आणखी एक माप काढलं. डीटीटी नावाच्या रसायनात कण मिसळायचे आणि ते रसायन किती वेगाने संपतं ते बघायचं. जितकं लवकर संपेल, तितकी त्या कणांची ऑक्सिडीकरणाची ताकद जास्त, म्हणजे फुप्फुसाला इजा करण्याचा जोर जास्त असं मानायचं.

२०२० साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी स्रोतवार हिशेब मांडला. वजनात माती, क्षार आणि झाडांपासून बनणारे कण पुढे. जोर मात्र मुख्यतः घरोघरी जळणाऱ्या लाकडाच्या धुराचा आणि गाड्यांच्या ब्रेकमधून झिजणाऱ्या धातूंचा.

हे वाचलं आणि चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेली आई आठवली. तिचा खोकला आम्ही वयावर ढकलला होता. मंडळी, लंडनचा धूर मी मुलांना शिकवत राहिलो, घरातला मात्र मला दिसलाच नाही.