टीव्ही-स्पीकरमधली घरघर: दोष घरात कुठे आहे, कसा ओळखायचा?

रमजानमध्ये इफ्तारीच्या तयारीला मिक्सर, ओव्हन, पंखे सगळं एकदम चालू असतं आणि नेमकं तेव्हाच टीव्हीच्या स्पीकरमधून घरघर सुरू होते, किंवा सेट-टॉप बॉक्स बंद पडून आपोआप पुन्हा चालू होतो. मसोलीत आणि एकूणच डहाणू परिसरात असं झालं की लोक बोट दाखवतात थर्मल पॉवर स्टेशनकडे, नाहीतर रेल्वेच्या तारांकडे. रेल्वेच्या तारेत 25 हजार व्होल्ट असतात हे खरं, आणि रुळाला अगदी लागून घर असेल तर रेडिओवर थोडी खरखर येऊही शकते. पण बहुतेक वेळा दोष आपल्याच घरात असतो. त्यातला काही फक्त डोकेदुखीचा असतो, काही मात्र जिवावरचा. दोन्ही वेगळे ओळखता यायला हवेत.

आधी आवाज नीट ऐका. एकसुरी, जाडसर "घूंऽऽ" असेल तर तो आपल्या 50 हर्ट्झच्या विजेचाच आवाज, म्हणजे संशय अर्थिंगवर किंवा वायरिंगवर. करकर, चरचर असेल तर कुठेतरी ठिणगी पडतेय किंवा एखादं इलेक्ट्रॉनिक उपकरण घाण सोडतंय.

करकर शोधायला सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर घ्या. मिडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा ठेवा आणि घरभर फिरा. जिथे खरखर वाढते तिथे गुन्हेगार आहे. एफएमवर ही खरखर सहसा ऐकू येत नाही, म्हणून मोबाइलचा रेडिओ इथे कामाचा नाही. मग बोर्डावरचे एमसीबी एकेक करून खाली करा. सगळे बंद करूनही खरखर राहिली तर ती बाहेरून, लाइनवरून किंवा शेजारून येतेय.

आमच्या पाहण्यात सर्वात जास्त वेळा सापडतो तो पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. तो विजेची लाट प्रत्येक फेरीत अर्धवट कापतो आणि त्यातून ही खरखर निघते. त्याजागी टक-टक करत पायऱ्या बदलणारा कपॅसिटरवाला रेग्युलेटर लावला की प्रश्न संपतो. दुसरा नंबर स्वस्तातल्या एलईडी बल्बचा आणि बिननावाच्या मोबाइल चार्जरचा. मिक्सरच्या आतल्या कार्बन ब्रशची ठिणगी तर असणारच, पण तो मिनिटभराचा त्रास. मिक्सर आणि टीव्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर नको, एवढं पाळलं तरी पुरे.

जोराच्या पावसात डिशचं चित्र फुटतं, त्याचा विजेशी संबंध नाही. डिशचे सिग्नल पावसाच्या पाण्यात शोषले जातात. पाऊस ओसरला की चित्र येतं. मेकॅनिक बोलावून पैसे घालवू नका.

आता "घूंऽऽ"कडे येऊ. टीव्ही, केबलची वायर आणि अॅम्प्लिफायर यांना वेगवेगळ्या ठिकाणी अर्थिंग मिळालं की त्यांच्यात बारीकसा प्रवाह फिरत राहतो आणि स्पीकर तो ऐकवतो. तपासणी सोपी आहे: केबलची वायर बॉक्समधून काढा. आवाज थांबला तर चोर तिथेच. सगळी उपकरणं एकाच चांगल्या सॉकेटवर घ्या. टीव्हीतून साउंडबारला ऑप्टिकल केबल जोडली तर उत्तमच, कारण तिच्यातून वीज नाही, फक्त प्रकाश जातो.

इथेच एक घातक जुगाड होतो. कुणीतरी भाईजान सांगतात, "अॅम्प्लिफायरची तिसरी पिन काढून टाका, आवाज बंद होईल." होतो बंद. पण ती जाडी पिन अर्थिंगची आहे. उद्या आतली वायर लोखंडी डब्याला टेकली, तर वीज जमिनीत जाण्याऐवजी हात लावणाऱ्या मुलाच्या अंगातून जाईल. अशी पिन कुणी कापली असेल तर ते उपकरण वापरू नका, आधी प्लग बदला.

किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने अर्थिंगचे जोड गंजतात, तांब्याच्या तारेवर हिरवा थर चढतो. रेताड जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंग आणखी कमजोर होतं. एप्रिल-मेमध्ये घरघर वाढते आणि पावसाळ्यात कमी होते, असं असेल तर अर्थिंगच्या खड्ड्याकडे पाहा. उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहावं, आणि वर्षातून एकदा परवानाधारक वायरमनकडून मीटर लावून मोजणी करून घ्यावी. टेस्टरचा दिवा बघून अर्थिंग कळत नाही. त्याच वेळी 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. शॉक लागताच ती वीज तोडते.

एक लक्षण दिसलं तर मात्र शोधत बसू नका. काही दिवे अचानक भगभगीत, काही मंद, पंखा जोरात फिरतोय, टीव्ही चालू-बंद होतोय: बाहेरच्या लाइनचा न्यूट्रल तुटलेला किंवा सैल झालेला असू शकतो. अशा वेळी 230 व्होल्टच्या जागी घरात 400 च्या आसपास येऊ शकतात. टीव्ही, फ्रिज जळतात, आगही लागते. मेन स्विच लगेच खाली करा, शेजाऱ्यांनाही सांगा आणि महावितरणला 1912 वर फोन करा. खांबावर स्वतः चढू नका, ओळखीच्या पोरालाही चढवू नका. लाइनमन येऊन जोड दुरुस्त करेपर्यंत मेन बंदच ठेवा.