कॅसलरॉकचा उतार आणि इंजिनाचे आयुष्य

जोयडा तालुक्यातील कॅसलरॉकहून गोव्यातील कुळेपर्यंत उतरणारा सुमारे २६ किलोमीटरचा रेल्वेघाट १८८८ मध्ये वाहतुकीला खुला झाला. घाट म्हटला की चढाचाच विचार होतो, जादा इंजिन लावतात तेही मुख्यतः चढासाठी. पण धातूने सोसलेल्या तापमानबदलांचा हिशेब मांडला तर उतारही चढाइतकाच महाग पडतो.

या मार्गामागे १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज करार होता. मुरगाव बंदरापासून सरहद्दीपर्यंतची मीटरगेज लाईन वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वेने बांधली. कॅसलरॉकला ती सदर्न मराठा रेल्वेला मिळाली आणि १९०२ पासून चालवायलाही त्याच कंपनीकडे गेली. कॅसलरॉकचा उत्तर कानडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. त्यामुळे दाट रानातले हे ठाणे दोन राज्यसत्तांमधले जकातनाके बनले.

वाफेच्या इंजिनात तापमानाचा सर्वाधिक ताण भट्टीवर येई. इंग्रजी घडणीच्या इंजिनांत भट्टीची आतली पेटी बहुधा तांब्याची आणि बाहेरचे कवच पोलादी असे. तापल्यावर तांबे पोलादापेक्षा जास्त पसरते: मीटरभर लांबी शंभर अंशांनी तापली तर दोहोंत सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. दोन्ही पत्रे जोडणारे शेकडो आडवे दांडे दर तापण्या-निवण्यात किंचित वाकत आणि अखेर तुटत. म्हणून दांड्यांच्या टोकाला बारीक भोक ठेवण्याची पद्धत पडली. दांडा तुटला की त्यातून वाफ फुसफुसे आणि दोष आपोआप उघड होई.

चढताना भट्टी धगधगत असे, पण निदान सलग. घाट उतरताना ड्रायव्हर वाफ बंद करी, धुराड्यातला झोत थांबे आणि विस्तव मंदावे. त्याच वेळी भट्टीचे दार उघडे राहिले तर गार हवा थेट बॉयलरच्या नळ्यांच्या तोंडांवर येई. आतले पाणी १८० अंशांच्या वर असताना त्याहून बरेच थंड पाणी एकदम जास्त सोडले, तर नळ्यांचे सांधे आकसून गळू लागत. घाटमाथ्यावर आणखी एक धोका होता. धुराडे पुढे ठेवून इंजिन उताराला लागले की बॉयलरमधले पाणी पुढे सरके आणि मागच्या भट्टीचे छत उघडे पडू शके. पाण्याविना ते छत काही मिनिटांत तापून मऊ होते. त्यासाठी छतात शिशाचे बूच बसवलेले असे. ते वितळले की वाफ विस्तवावर पडे आणि इंजिनावरच्या माणसांना इशारा मिळे. शेडमध्येही घाई महागात पडे. तापलेला बॉयलर गार पाण्याने धुतला तर पत्रे तडकत, म्हणून तो सावकाश निवू देणे किंवा गरम पाण्याने धुणे हाच योग्य मार्ग मानला जाई.

हवेने थंड होणाऱ्या छोट्या विमानांच्या इंजिनालाही उतरताना एकदम निवण्याचा हाच प्रश्न भेडसावतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरवलेल्या पस मॉथ विमानात अशाच जातीचे जिप्सी इंजिन होते. उंचावरून झपाट्याने उतरताना थ्रॉटल एकदम मिटला तर सिलिंडर आतून तापेनासे होतात, आणि बाहेरचा वाऱ्याचा मारा मात्र चालूच राहतो. सिलिंडरचे तापमान मिनिटाला ५० फॅरेनहाइट, म्हणजे सुमारे २८ सेल्सिअस अंशांहून अधिक वेगाने घटू देऊ नये, असे लायकमिंग ही इंजिन बनवणारी कंपनी सांगते. प्रत्यक्ष तडा त्यानेच पडतो का, यावर वैमानिकांत आणि मेकॅनिकांत वाद आहे. सावकाश उतरण्याला मात्र कोणाचीच हरकत नसते.

रेल्वेच्या उतारात भट्टी निवते तेव्हा चाके तापतात. गाडीची सारी ऊर्जा ब्रेकचे ठोकळे घासून उष्णतेत जाते. जुन्या चाकावरची पोलादी धाव तापवून चढवलेली आणि निवल्यावर आवळलेली असे. ब्रेकने ती पुन्हा तापली की सैल होऊन सरकण्याची भीती. वारंवार तापून निवण्याने तिच्या पृष्ठभागावर बारीक चिराही पडत.

१९५५ मध्ये गोव्याची नाकेबंदी झाली तेव्हा या घाटातून गाड्या जाणे थांबले. गोवामुक्तीनंतर ते पुन्हा सुरू झाले. १९९० च्या दशकात लाईन ब्रॉडगेज झाली. वाफेनंतर आलेल्या डिझेल इंजिनांतील डायनॅमिक ब्रेक उतारात चाके फिरवणाऱ्या मोटारींनाच जनित्र बनवतात. तयार झालेली वीज रोधकांत जाळली जाते आणि पंखे ती उष्णता बाहेर फेकतात. वेग आवरण्याचे बरेचसे काम असे चाकांना न तापवता होते, आणि घासणारे ब्रेक मुख्यतः गाडी थांबवण्यापुरते उरतात.