दिल्लीचे पंखधारी रहिवासी

दिल्लीचा इतिहास आम्ही किल्ल्यांवरून आणि कबरींवरून सांगतो. तिच्या वृक्षराजीवरील पक्ष्यांनाही इतिहास आहे. गांधीजींचे स्नेही होरेस अलेक्झांडर यांच्या पुढाकाराने १९५० साली येथे ‘दिल्ली बर्ड वॉचिंग सोसायटी’ स्थापन झाली. इंदिरा गांधी तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी होत्या. दिल्लीच्या पक्ष्यांवरील उषा गांगुली यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९७५ साली, प्रसिद्ध झाला.

१९५९ साली पुराना किल्ल्याशेजारी प्राणिसंग्रहालय उघडले. पुढच्याच वर्षापासून तेथील तळ्यांतल्या झाडांवर रानातले चित्रबलाक आपण होऊन घरटी बांधू लागले. त्यांना ना कोणी आणले, ना कोणी कोंडले. पावसाळा सरता सरता ते येतात आणि पिले वाढवून उन्हाळ्याच्या तोंडी निघून जातात. आमच्या भिगवणला उजनीच्या पाण्यात उभा दिसतो, तो हाच पक्षी!

परंतु निवाऱ्याला झाड मिळाले म्हणजे संसार होत नाही. अन्नासाठी त्यांना यमुनाकाठच्या पाणथळ जागाही लागतात, आणि यमुना तर मलिन होत चालली आहे. परमुलखात घर मांडलेल्या आम्हां मराठी कुटुंबांना हे निराळे सांगावयास नको. मुलाबाळांना ती घरटी अवश्य दाखवावीत. येताना नदीही दाखवावी.