चुनखडीच्या रानात चुना कशाला?

पांढऱ्या फुटलेल्या रानात चुना टाकावा काय, असा सवाल सांगली-मिरजेकडे अजूनही कानी पडतो. चुना हे औषध खरे, पण ते आंबट जमिनीचे. धो-धो पावसाने ज्या मातीतले कॅल्शियम धुऊन नेले, त्या कोकणातल्या जांभ्या मातीला ते मानवते. कृष्णाकाठच्या काळ्या रानात चुनखडी मुळातच आहे. इथले दुखणे मीठफुटीचे आणि चोपणाचे.

ते पाटाच्या पाण्यामागून आले. नीरेचा डावा कालवा 1885 मध्ये सुरू झाला. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारजमिनींवर पुस्तिका लिहिली ती 1910 मध्ये. म्हणजे रोगाचे निदान होऊन शंभर वर्षे उलटली! पुढे 1932 साली फलटण तालुक्यात पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले, कालव्याखालच्या मातीचे प्रकार ठरवले गेले. तरी कृष्णाकाठी तेच घडले. कोयना धरण झाले, उपसा योजना आल्या, साखर कारखाने उभे राहिले. उसाने घरे सावरली, हे आम्ही नाकारत नाही. पण जड मातीला पाणी पाजताना निचऱ्याचा हिशेब कुणी धरला नाही. भूजल वर चढले. उन्हाने पाणी उडाले, मीठ मागे राहिले.

नुसती मीठफुटी असेल तर निचरा करून गोड्या पाण्याने क्षार धुता येतात. चोपण जमीन अधिक चिवट. सोडियम मातीच्या कणांना चिकटतो, कण विखुरतात, पाणी खाली उतरत नाही. तिथे जिप्सम लागते. त्यातले कॅल्शियम सोडियमला हुसकावते. मोकळा झालेला सोडियम पाण्याबरोबर बाहेर गेला पाहिजे. शेणखत, साखर कारखान्याची मळी, फुलोऱ्याआधी गाडलेला ताग किंवा धैंचा यांचीही मदत होते. किती जिप्सम टाकायचे ते माती तपासूनच ठरवावे, दुकानदाराला विचारून नव्हे.

आमच्यातल्या बहुतेकांची शेती एक-दोन एकरांची. गावगाड्यात मुलाण्याच्या वाट्याला आलेला तुकडा पिढ्यान्‌पिढ्या वाटला गेला. असे रान पांढरे पडले की पडेल भावाने जाते. सच्छिद्र पाइप पुरून निचरा होतो, पण तो पाइप ओढ्यापर्यंत न्यायचा तर मधले सगळे बांध ओलांडावे लागतात. त्यामुळे बांधकऱ्यांना आधी एका सतरंजीवर बसवावे लागते, जिप्समची पोती त्यानंतर.